चष्म्याची भीती नको; तिरक्या मानेकडे मात्र आधी पाहा

पत्र : माझी मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत शिकते. फळ्यावरचे दिसत नसल्यामुळे ती शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घेत होती, हे शिक्षिकांनी सांगेपर्यंत आम्हाला कळलेच नाही. तपासणीत उजव्या डोळ्याला उणे पावणेदोन आणि डाव्याला उणे दोन असा नंबर निघाला. सासूबाई म्हणतात की इतक्या लहानपणी चष्मा लावला की डोळ्यांना त्याची सवय होते आणि नंबर वाढतच जातो. म्हणून तो शाळेपुरताच वापरावा. चष्म्याच्या दुकानातल्या गृहस्थांनी थोडा कमी नंबर लावून पाहा, असे सुचवले. मोबाइल तिच्या हाती मीच दिला, त्यामुळे हे सारे माझ्यामुळे झाले, ही टोचणी मनातून जात नाही. संध्याकाळी ती डोळे फार चोळते, तेव्हा घरात उरलेले थेंब मी टाकते. धाकटा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याची नजर उत्तम आहे, लांबच्या झाडावरचा पक्षीही त्याला दिसतो. फक्त टीव्ही पाहताना तो मान एका बाजूला कलती करतो आणि उन्हात गेला की एक डोळा मिटून घेतो. ही सवय कशी मोडावी?

उत्तर : ताई, तुमचे पत्र बहुतेक मुलीच्या चष्म्याविषयी आहे आणि मुलाचा उल्लेख शेवटच्या चार ओळींत आला आहे, मी मात्र त्या चार ओळींपासूनच सुरुवात करणार आहे. मुलीचा दोष ओळखला गेला आहे, त्यावरचा उपाय घरात येऊन पोहोचला आहे, आणि तिच्या बाबतीत पंधरा दिवस इकडेतिकडे झाले तरी फारसे बिघडणार नाही. मुलाची मात्र अजून तपासणीच झालेली नाही, आणि त्याच्या वयात वाया गेलेल्या महिन्यांची भरपाई पुढे करणे कठीण जाते.

मान कलती करणे किंवा उन्हात एक डोळा मिटणे ही दटावून मोडायची सवय नव्हे. दोन डोळे एका रेषेत नसतील, डोळा फिरवणारा एखादा स्नायू कमजोर असेल किंवा दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत बराच फरक असेल, तर मूल आपल्या परीने त्यातल्या त्यात स्पष्ट दिसण्याची सोय शोधते. विशिष्ट कोनात मान वळवली की दोन प्रतिमा एकमेकींवर बसतात आणि मुलाला बरे वाटते. उन्हात एक डोळा मिटणे हे तर अधूनमधून बाहेर वळणाऱ्या तिरळेपणाचे नेहमी आढळणारे लक्षण आहे. असा डोळा दिवसभर सरळ दिसतो आणि मूल दमले, झोपेला आले किंवा लांब टक लावून पाहू लागले की बाजूला सरकतो, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. तुमच्या मुलाला यातले काही आहेच, असे पत्र वाचून मी म्हणू शकत नाही. मानेच्या स्नायूचा दोष असूनही मान कलती राहते, आणि काही मुलांना नुसतेच ऊन सहन होत नाही. परंतु ही दोन लक्षणे एकत्र असताना तपासणी लांबणीवर टाकू नये, एवढे मी ठामपणे सांगते.

त्याला लांबचा पक्षी दिसतो, यावरून तुम्ही नजर उत्तम असल्याचे मानले आहे, आणि बहुतेक पालक असेच मानतात. पण दोन्ही डोळे उघडे ठेवून दिसलेला पक्षी एवढेच सांगतो की किमान एक डोळा चांगला आहे. दुसऱ्या डोळ्याला धूसर दिसत असेल तर मूल ते बोलून दाखवत नाही, कारण त्याला जग पहिल्यापासून तसेच दिसत आलेले असते आणि तुलना करायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते. घरी एक गोष्ट करून पाहा. तो आवडीचे चित्रांचे पुस्तक पाहत असताना त्याचा एक डोळा दुमडलेल्या स्वच्छ रुमालाने, बोटांच्या फटीतून डोकावता येणार नाही अशा बेताने, पण दाब न देता झाका. थोड्या वेळाने दुसरा झाका. एक डोळा झाकल्यावर तो निवांत चित्रे पाहत राहिला आणि दुसरा झाकताच तुमचा हात ढकलू लागला, मान फिरवून निसटू लागला किंवा रडवेला झाला, तर तो हट्ट समजू नका. उघडा राहिलेला डोळा त्याला पुरेसा उपयोगी पडत नाही, असाच त्याचा अर्थ बहुधा असतो. मात्र दोन्ही वेळा तो शांत राहिला, म्हणून तपासणी टाळण्याचे कारण नाही.

घाई कशासाठी, हेही सांगायला हवे. डोळा जन्मतः पाहायला तयार असला, तरी पाहणे मेंदूला शिकावे लागते, आणि ते शिकण्याचा काळ बालपणापुरता मर्यादित असतो. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा काही काळ मिटवून ठेवून पाहिले, तेव्हा डोळा पुन्हा उघडल्यानंतरही मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला प्रतिसाद देईनाशा झाल्या होत्या. मोठ्या मांजरांवर तसा परिणाम झाला नाही. दृष्टीसंबंधीच्या या संशोधनासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांमध्येही हेच घडते. एका डोळ्याकडून धूसर किंवा तिरकी प्रतिमा येत राहिली की मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतो, आणि डोळ्याची रचना धडधाकट असूनही त्याची दृष्टी मंद राहते. यालाच मंददृष्टी किंवा आळशी डोळा म्हणतात. वेळेवर लक्षात आले तर उपचार साधा आहे : आधी योग्य नंबरचा चष्मा, कारण अनेक मुलांची दृष्टी काही महिन्यांत केवळ चष्म्यानेच बरीच सुधारते, आणि गरज उरली तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी. तीन ते सात वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, मध्यम मंददृष्टीसाठी रोज दोन तास पट्टी लावणे हे सहा तास लावण्याइतकेच गुणकारी ठरले, त्यामुळे पट्टीच्या नावाने धसका घेण्याचे कारण नाही. सात वर्षांनंतर सुधारणा होतच नाही, असे नाही. पण तेव्हा कष्ट अधिक पडतात आणि फळ कमी मिळते. तुमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, म्हणजे अगदी योग्य वेळी तुम्ही हे लिहिले आहे.

तपासणी लहान मुलांचे डोळे पाहणाऱ्या नेत्रतज्ज्ञांकडे करावी आणि ती डोळ्यांत थेंब टाकूनच व्हावी, असा आग्रह धरावा. मुलांच्या डोळ्यातले भिंग इतके लवचीक असते की ते आपला आकार बदलून नंबर लपवते किंवा नसलेला नंबर दाखवते. थेंबांनी भिंगाचा आकार बदलणारे स्नायू सैल पडले की खरा आकडा समोर येतो. काही तास, क्वचित एकदोन दिवस, जवळचे अंधूक दिसेल आणि उजेड सहन होणार नाही; हे मुलाला आणि त्याच्या शाळेला आधी सांगून ठेवले की गोंधळ उडत नाही. जाताना त्याची जुनी छायाचित्रे सोबत न्या. मान कधीपासून कलू लागली, डोळा कधी बाजूला गेलेला दिसतो, हे डॉक्टरांना त्यांतून पटकन कळते. ती चाळताना आणखी एक गोष्ट पाहा. फ्लॅशच्या उजेडात काढलेल्या छायाचित्रात एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी किंवा पिवळसर, तीही एकाहून अधिक छायाचित्रांत दिसली, तर भेटीची वेळ मिळेपर्यंत न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पुष्कळदा कारण साधे निघते, परंतु मोतीबिंदू आणि दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, कर्करोग हे दोन्ही आजार लहान मुलांत अशाच रीतीने प्रथम नजरेस पडतात.

आता मुलीविषयी. सासूबाईंची काळजी मायेपोटी आहे, आणि त्यांच्या पाहण्यात लहानपणी चष्मा लागलेल्या मुलांचे नंबर खरोखरच वाढलेले असणार. पण ते चष्म्यामुळे वाढलेले नाहीत. नवजात बाळाचा नेत्रगोल पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर असतो आणि मोठेपणी तो २३-२४ मिलिमीटरपर्यंत पोहोचतो. काही मुलांत तो गरजेपेक्षा अधिक लांबतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर पडण्याऐवजी त्याच्या अलीकडे पडते आणि फळा धूसर दिसू लागतो. एका मिलिमीटरच्या जादा लांबीने साधारण अडीच ते तीन नंबर वाढतो. अंगाची वाढ चालू असेपर्यंत ही लांबीही वाढत राहू शकते, आणि चष्मा नेमका त्याच वर्षांत लावला जातो. दोन्ही गोष्टी बरोबर चालतात म्हणून एक दुसरीचे कारण वाटते. चष्मा काढून ठेवल्याने नेत्रगोलाची लांबी थांबत नाही, मुलगी मात्र धूसर जगात वावरते.

कमी नंबर लावण्याचा सल्ला तर मुळीच मानू नका. मलेशियात ९ ते १४ वर्षांच्या ९४ मुलांवर हा प्रयोग करून पाहिला गेला. निम्म्यांना पूर्ण नंबरचा आणि निम्म्यांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिला. दोन वर्षांनी पूर्ण नंबर वापरणाऱ्यांत सरासरी ०.७७ इतकी, तर कमी नंबर वापरणाऱ्यांत १.०० इतकी वाढ झालेली आढळली. हा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तरीही ‘थोडा कमीच लावा’ हा सल्ला अजून दिला जातो, याचे मला वाईट वाटते. तुमच्या मुलीच्या नंबरचा अर्थ असा की साधारण अर्ध्या मीटरपलीकडचे सारे काही तिला चष्म्याशिवाय कमी-अधिक धूसर दिसते : फळाच नव्हे, तर रस्त्यापलीकडून हात करणारी मैत्रीण आणि तिच्याकडे येणारा चेंडूसुद्धा. तिने चष्मा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत लावावा. झोपताना पुस्तक जवळ धरून चष्म्याविना चार पाने वाचली तर काही बिघडणार नाही, पण ‘शाळेपुरता’ हा नियम नको, कारण काढघालीत चष्मा हरवतो, वाकतो आणि अखेरीस दप्तरातच राहतो. चौकट नाकावरून घसरत असेल तर मूल काचांच्या वरून पाहते, म्हणून ती नीट बसवून घ्या. काचा पॉलिकार्बोनेटच्या घ्या, त्या खेळताना सहसा फुटत नाहीत.

तुमच्या मनातल्या टोचणीबद्दल सांगते. ऱ्हस्वदृष्टीमागे, म्हणजे लांबचे धूसर दिसण्यामागे, आनुवंशिकता असते; आईवडिलांपैकी एकाला नंबर असेल तर मुलाला तो लागण्याची शक्यता वाढते आणि दोघांनाही असेल तर आणखी वाढते. त्यात सतत जवळचे पाहण्याची आणि उघड्यावर फार कमी वेळ घालवण्याची भर पडते. मोबाइल हा त्या जवळच्या पाहण्याचा एक भाग आहे. तो पुस्तकापेक्षाही जवळ धरला जातो आणि मूल त्यावरून नजर हलवत नाही, एवढा त्याचा विशेष दोष. तुम्ही एकट्याने हे घडवलेले नाही. घडून गेलेल्याचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा पुढच्या सात-आठ वर्षांत नंबर किती वाढतो, यावर लक्ष देणे हिताचे आहे, कारण ऱ्हस्वदृष्टी जितक्या लहान वयात सुरू होते तितकी पुढे जाण्याची शक्यता अधिक असते, आणि नंबर उणे सहाच्या पुढे गेला की मोठेपणी दृष्टिपटल सुटणे, दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज आणि काचबिंदू यांचा धोका वाढतो. मुलीला हे सारे ऐकवू नका. तिला एवढेच पुरे की डोळा थोडा लांब वाढला आहे आणि त्यात तिची काहीही चूक नाही.

घरच्या घरी करण्याजोग्या उपायांपैकी ज्याच्यामागे सर्वात भक्कम पुरावा आहे, तो उपाय फुकट आहे : दिवसाउजेडी घराबाहेर राहणे. चीनमधल्या ग्वांगझो शहरात १२ प्राथमिक शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक चाचणी झाली. निम्म्या शाळांनी रोजच्या वेळापत्रकात उघड्यावरचा ४० मिनिटांचा एक तास वाढवला. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना, तर उरलेल्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना नव्याने ऱ्हस्वदृष्टी आलेली होती. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुले बाहेर काय खेळतात यापेक्षा तिथला उजेड महत्त्वाचा दिसतो. खोलीतला उजेड सहसा काहीशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, तर बाहेर झाडाच्या सावलीतही तो हजारोंत मोजावा लागतो. प्रखर उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन हे रसायन अधिक स्रवते आणि ते नेत्रगोलाच्या वाढीला आवर घालते, असे सध्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. भर उन्हात उभे राहण्याची गरज नाही; टोपी घालून सावलीत खेळले तरी चालते, मात्र सूर्याकडे थेट पाहायचे नाही. रोज मिळून दोन तास हे उद्दिष्ट ठेवा, आणि ते सलग मिळाले पाहिजेत असेही नाही. शाळेत चालत जाणे, मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडणे, गृहपाठाला बसण्याआधी अंधार पडेपर्यंत खेळणे, हे सारे त्यात धरावे. ज्या मुलांना नंबर लागलेलाच आहे त्यांच्यात बाहेर राहण्याचा फायदा इतका ठळक दिसत नाही, म्हणून मुलीसाठी हा एकमेव उपाय समजू नका. धाकट्यासाठी मात्र तो आत्तापासूनच मोलाचा आहे.

अभ्यास आणि स्क्रीन यांबाबत लांबलचक नियमावली करून भिंतीला चिकटवू नये, ती आठवडाभर टिकते. पुस्तक किंवा मोबाइल कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतराहून जवळ नको. अर्ध्या तासाने उठून खिडकीबाहेर दूर कुठेतरी पाहावे. पांघरुणात शिरून पडल्या पडल्या पाहणे बंद. ज्या गोष्टी मोठ्या पडद्यावर पाहता येतात त्या मोबाइलवर दाखवू नका, कारण पडदा जितका दूर तितका डोळ्यांवरचा ताण कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन शक्यतो देऊच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको. साडेचार वर्षांच्या तुमच्या मुलालाही तीच मर्यादा लावा. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर वेगळे पैसे खर्चू नका, त्यांनी नंबर थांबत नाही. डोळ्यांच्या व्यायामाने किंवा कसल्याशा टॉनिकने चष्मा उतरतो, या जाहिरातींचेही तसेच. अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, कारण तिने रातांधळेपणा येतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. परंतु पोटभर चौरस आहार घेणाऱ्या मुलीचा नंबर कोणत्याही पदार्थाने उतरत नाही.

नंबरची वाढ मंदावणारे उपचार आता उपलब्ध आहेत आणि त्यांविषयी डॉक्टरांना पुढच्या भेटीत मोकळेपणाने विचारा. एक म्हणजे मधोमध नेहमीचा नंबर आणि भोवती वेगळ्या रचनेची बारीक भिंगे असलेल्या चष्म्याच्या काचा. दुसरे म्हणजे अगदी सौम्य प्रमाणातले, ०.०१ ते ०.०५ टक्क्यांचे, ॲट्रोपिनचे थेंब, रोज रात्री एकदा. हाँगकाँगमध्ये झालेल्या चाचणीत यांपैकी ०.०५ टक्क्यांचे थेंब सर्वाधिक प्रभावी ठरले. हे उपचार लागलेला नंबर उतरवत नाहीत, पुढची वाढ कमी करतात, आणि ते काही वर्षे चालवावे लागतात. तुमच्या मुलीला त्यांची गरज आहे का, हे एका आकड्यावरून नव्हे तर सहा महिन्यांत तो किती बदलला यावरून ठरेल. याच नावाचे थेंब कितीतरी पट तीव्रही मिळतात, तेव्हा ते स्वतःहून विकत आणण्याचा विचारसुद्धा करू नका.

थेंबांचा विषय निघालाच आहे, तर घरातली ती उरलेली बाटली आजच टाकून द्या. उघडून महिना झालेले थेंब दूषित होऊ शकतात, हे एक कारण. त्याहून गंभीर असे की डोळ्यांची खाज आणि लाली शमवणाऱ्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवसांत इतका आराम पडतो की घरातली मंडळी ते पुन्हा पुन्हा टाकत राहतात, आणि देखरेखीवाचून महिनोन्‌महिने वापरल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो किंवा मोतीबिंदू धरतो. दाब वाढल्याचे मुलाला जाणवतही नाही. संध्याकाळचे चोळणे आतापर्यंत धूसर दिसत असल्यामुळे असेल तर चष्म्याने ते कमी होईल. तरीही टिकले तर ॲलर्जी असू शकते. तोवर गार पाण्याची घडी मिटल्या डोळ्यांवर ठेवा आणि तपासणीत हे आवर्जून सांगा, कारण वर्षानुवर्षे जोराने चोळल्याने बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे येऊ शकतो. बाटलीचे नाव कागदावर उतरवून घ्या आणि ती किती दिवस वापरली, हेही डॉक्टरांना सांगा.

येत्या आठवड्यात मुलाची वेळ घ्या आणि मुलीलाही सोबत न्या. तिची पहिली तपासणी थेंब न टाकता झाली असेल तर ती या वेळी थेंब टाकून करून घ्या आणि सोय असेल तिथे नेत्रगोलाची लांबी मोजून आकडा लिहून घ्या. पुढे दर सहा महिन्यांनी नंबर आणि लांबी एकाच वहीत तारखेसह नोंदवत जा. वर्षभरात अर्धा किंवा त्याहून अधिक नंबर वाढला, तर वर सांगितलेल्या उपचारांचा निर्णय डॉक्टरांबरोबर त्याच भेटीत घ्या.